एका रायफलीच्या पानासाठी कोल्हापूर

मी काय काम करते ते लोकांना दोनदा सांगावं लागतं. नाशिकच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी ड्रॉइंग ऑफिसात होते. निवृत्त झाल्यावर जुन्या रायफलींची चित्रं काढायला लागले. बंदूक मी आजवर उडवलेली नाही आणि उडवायची इच्छाही नाही. मला आवडतं ते तिचं पोट उघडून बघायला. कुठला भाग कशावर टेकतो, कोण कुणाला ढकलतो, हे कागदावर नेमकं उतरलं की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

माझा विषय एकबारी रायफली. एक गोळी भरायची, उडवायची, नळी रिकामी करायची, मगच दुसरी. असल्या जुन्या रायफली जमवणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत, पण जी आहेत ती वेडी आहेत. हातात आलेला नग कुठला, कुणी घडवला, कुठला भाग मागाहून बदललेला, हे ओळखायला त्यांना पुस्तक लागतं. इंग्रजीत अशी जाडजूड पुस्तकं आहेत. मराठीत माझ्या पाहण्यात एकही नव्हतं, म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकांनी ते करायला घेतलं आणि मजकूर व चित्रं दोन्ही माझ्यावर सोपवली. चार वर्षं गेली. पानं लागली, मुद्रितं तपासून झाली, आणि एक पान अडलं.

त्या पानावर कोल्हापूरकडच्या एका रायफलीचं चित्र होतं. मी ती पाहिलेली नव्हती. माझ्या टेबलावरच्या तिन्ही इंग्रजी ग्रंथांत तिचा एकच फोटो होता आणि खाली जवळजवळ तेच शब्द: स्थानिक नक्कल, काम ओबडधोबड, कारागीर अज्ञात. पुरावा म्हणून लिहिलं होतं, की या जातीच्या रायफलीला उजव्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढी एक सुई असते. ती उभी आहे की आडवी यावरून रायफल उडवायला तयार आहे की नाही ते कळतं. या रायफलीत ती सुई डाव्या अंगाला बसवली आहे, म्हणजे कारागिराला यंत्र कळलेलंच नव्हतं. मीही फोटोवरून तसंच चित्र काढलं, तसंच लिहिलं आणि ते पान एका मासिकात नमुना म्हणून छापून आलं.

पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून पोस्टकार्ड आलं. आजकाल पोस्टकार्ड कोण पाठवतं? अक्षर फळ्यावरच्यासारखं टपोरं. ‘आपण जिला ओबडधोबड म्हणालात ती रायफल माझ्या घरी भिंतीवर आहे. परवाना आहे. आधी येऊन बघावे, मग लिहावे. आनंदराव मोहिते, निवृत्त चित्रकला शिक्षक.’

प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारी पानं छापखान्यात जातात. तुमच्याकडे चार दिवस आहेत." मी त्याच संध्याकाळची गाडी धरली.

कोल्हापूर, गुरुवार

स्टँडवर मोहिते सर स्वतः आले होते. वय चौऱ्याहत्तर, अंगात पांढरा शर्ट, पायांत करकरणारी चप्पल. मी नमस्कार केला तर म्हणाले, "ताई, आधी जेवायचं. बंदूक कुठं पळून जात न्हाय."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. पण कोल्हापुरात जेवण ही वेळेवर अवलंबून असणारी गोष्ट नाही, ती पाहुण्यावर अवलंबून असते, हे मला पुढच्या चार दिवसांत नीट कळलं. घरी शालनवहिनींनी गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, त्यावर कच्चं तेल आणि वाटीभर दही पुढ्यात ठेवलं. खर्ड्याचा पहिला घास घेतला आणि माझ्या कानांतून धूर निघाला. नाशकात तिखट म्हणजे जेवणातली एक चव असते. इथे ती परीक्षा असते.

"लागलं व्हय?" वहिनी म्हणाल्या. "थांबा, मी अजून दही आणतो."

‘आणतो’ ऐकून मी दचकले. नंतर लक्षात आलं, इथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी जातो, मी करतो, मी बघतो. पहिल्या दिवशी कानाला खटकलं. दुसऱ्या दिवशी आवडलं. तिसऱ्या दिवशी मीच एकदा ‘मी येतो हं’ म्हणून गेले आणि वहिनी एवढ्या हसल्या की हातातलं पातेलं सांडलं.

जेवण झाल्यावर सरांनी भिंतीवरची रायफल उतरवली आणि चादरीवर ठेवली. मी पिशवीतून इंग्रजी पुस्तकातल्या फोटोची प्रत काढली, भिंग काढलं आणि बघायला लागले. पहिल्या मिनिटातच मी गोंधळले. सुई उजव्या अंगाला होती. जिथे असायला हवी तिथेच.

"सर, ही ती रायफल नाही," मी म्हणाले. "फोटोतल्या रायफलीची सुई डावीकडे आहे."

सरांचा चेहरा पडला. "वडलांच्या वेळी एक साहेब येऊन हिचाच फोटो काढून गेलता. मी तवा दहा वर्षांचा. बंदूक टेकवलेली खुर्ची मीच धरलेली."

मी पुन्हा पाहिलं. फोटोत दस्त्याला एक चीर होती आणि ती सांधायला पितळेची पानाच्या आकाराची पट्टी, तीन खिळ्यांनी मारलेली. समोरच्या दस्त्यालाही चीर होती, पितळेची पट्टी होती, तीन खिळे होते. मधला खिळा दोन्हीकडे जरासा वाकडा. पण फोटोत हे सगळं डाव्या अंगाला होतं आणि इथे उजव्या. मी फोटो घेऊन उठले आणि वहिनींच्या कपाटाच्या आरशासमोर धरला. आरशात नळीचं तोंड फिरलं, सुई उजवीकडे आली, पट्टी उजवीकडे आली, वाकडा खिळाही जागेवर आला.

फोटोच उलटा छापला होता! पहिल्या ग्रंथात छापताना फोटोची निगेटिव्ह उलटी ठेवली गेली असेल, दुसऱ्याने त्यावरून उचललं, तिसऱ्याने दुसऱ्यावरून, आणि चौथी मी. सरांच्या घरची रायफल लिहिणाऱ्यांपैकी कुणीच हातात घेऊन पाहिली नव्हती. कारागिराला यंत्र कळलं नाही, असं मात्र सगळ्यांनी लिहिलं होतं.

तीस वर्षं मी ड्रॉइंगवर सही करण्याआधी नग हातात घेऊन बघत आले आणि इथे नेमकं तेच केलं नव्हतं. मी सरांची माफी मागितली. सर काही वेळ फोटो आणि आरसा बघत राहिले, मग एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या गॅलरीत कुणीतरी डोकावलं.

"म्हंजे नक्कल बंदुकीची न्हाय झालेली! नक्कल पुस्तकांनी केलीया की ओ!"

नंतर ते गंभीर झाले. रायफल नेसरीच्या एका मिस्त्रीने घडवली, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात हत्यारांची देखभाल करायचे. राधानगरीच्या जंगलात शिकारीला नेलेली एक विलायती रायफल फुटली आणि तिच्यावरून मिस्त्रीने ही नवी केली, अशी घरातली गोष्ट.

"आता मिस्त्रीचं नाव घाला पुस्तकात," सर म्हणाले.

मला नाही म्हणावं लागलं. "सर, ही ऐकीव गोष्ट आहे. ही मूळची विलायतीच असेल आणि कुणीतरी तिच्यावरचं नाव घासून काढलं असेल, असं कुणीही म्हणू शकतं. संग्राहक असल्या पुस्तकावर विसंबून नग विकत घेतात. मला हातात धरता येईल असा पुरावा हवा."

सरांनी रायफल उचलली, फडक्याने पुसली आणि खिळ्यावर परत टांगली. मग म्हणाले, "पुरावा पायजे ना? मग सुजाताकडं जाऊया."

संध्याकाळी त्यांनी मला गंगावेशीत दूध प्यायला नेलं. म्हशी रस्त्यातच बांधलेल्या, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि त्याच्याबद्दल कुणी अभिमानाने बोलत नाही. इथे एक गवळी मला म्हणाला, "पावणं, आमच्या म्हशीचं एकदा पिऊन बघा, मग गावाला जाऊन चहा सोडशीला." चहा मी सोडलेला नाही. पण त्या ग्लासाची आठवण निघते.

कागल, शुक्रवार

सुजाता कांबळे सरांची जुनी विद्यार्थिनी. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीची प्रमुख आहे. रायफल घराबाहेर न्यायची नव्हती. म्हणून सकाळी मी ती उघडली आणि दोनच भाग घेतले: नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा, आणि ठोकळ्याची कळ धरून ठेवणारा स्क्रू. दोन्ही रुमालात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवले.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. आत काय नेताय ते लिहायचं. मी सरळ मनाने लिहिलं: बंदुकीचा ठोकळा एक, बंदुकीचा स्क्रू एक.

रखवालदाराने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "मावशी, ह्ये काय लिवलंय?"

"जे आहे तेच."

"अवो, बंदूक म्हंजे... ए, साहेबास्नी बोलव रं!"

पाच मिनिटांत तिथे आठजण जमले. एकजण डबीकडे लांबून बघत होता, जणू ती फुटणारच आहे. सर सगळ्यांना मोठ्याने आपली ओळख सांगत होते आणि त्यातल्या दोघांनी त्यांच्याकडे चित्रकला शिकल्याचं निघालं, तरी फाटक उघडेना. शेवटी निळा कोट घातलेली एक बाई झपाझप चालत आली. "जय भीम, सर!" म्हणाली, वही घेतली, माझ्या ओळीखाली लिहिलं, ‘मोजणीसाठी जुने नमुने, दोन नग’, सही केली आणि रखवालदाराला म्हणाली, "काका, ह्येच्यानं चिमणीसुद्धा मरायची न्हाय. सोडा."

मोजमापाची खोली थंडगार होती. मला एकदम माझं ऑफिस आठवलं, तीच तेलाचा आणि कागदाचा वास येणारी शांतता. सुजाताने ठोकळा सपाट दगडावर ठेवला, सुई असलेलं मापक त्याच्या पाठीवरून फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिने हाताखालच्या मुलीला बोलावून तिच्याकडून पुन्हा फिरवून घेतलं.

"सर, ह्ये कानशीनं घासलंय," ती हळू म्हणाली. "हातानं. रेघा दिसत्यात बघा. पण सपाटी अशी हाय की आमच्या ग्राइंडिंगवाल्यांना दाखवली पायजे. केसाच्या जाडीचा एक बारीक तुकडा घ्या, तेवढाबी फरक न्हाय कुठं."

ओबडधोबड! मी वही काढली आणि तिचे आकडे उतरवून घेतले. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण ती ताठ झालेली होती.

मग स्क्रूची पाळी. त्याची सावली वीसपट मोठी होऊन पडद्यावर पडली आणि आटे दिसले, डोंगराच्या रांगेसारखे एकामागे एक. सुजाताने दोन शिखरांमधलं अंतर मोजलं, कोष्टकं काढली, इंची बघितली, मेट्रिक बघितली.

"कशातच बसत न्हाय," ती म्हणाली. "ह्यो आटा कुठल्याच मापाचा न्हाय."

सरांनी टाळी वाजवली. "झालं की मग! विलायती न्हाय!"

मला पुन्हा एकदा वाईट व्हावं लागलं. "सर, तेव्हाचे विलायती बंदूकवालेही आपापल्या मापाचे आटे पाडत. कोष्टकात बसत नाही एवढ्याने नेसरी सिद्ध होत नाही."

ह्या वेळी सर चिडले. "मग काय सिद्ध हुतंय, ताई? मेलेला मिस्त्री उठून येऊन सांगणार हाय व्हय?"

सुजाता स्क्रू बोटांत फिरवत होती. ती म्हणाली, "मिस्त्री येणार न्हाय. पण आटा हाताने पाडायला आटे पाडायची पट्टी लागती. भोकांची पोलादी पट्टी. प्रत्येक मिस्त्री आपली पट्टी आपणच करायचा. माझ्या मामांची हुती. ती पट्टी घावली, तर ह्यो स्क्रू तिच्यात जाईल. दुसऱ्या कशात जाणार न्हाय." तिने डबी बंद केली. "उद्या माझी सुट्टी हाय. मी येतो."

नेसरी, शनिवार

सुजाताची गाडी, सर पुढे, मी मागे. गडहिंग्लजच्या पुढे रस्ता वळतो तसा उसाचा दाट हिरवा रंग विरळ होतो, मग डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. वाटेत सर सगळं सांगत होते: ही शाळा, तो बंधारा, ह्या गावात मी चौथीचा वर्ग शिकवला. प्रत्येक गावात त्यांचा एक विद्यार्थी होता आणि प्रत्येक विद्यार्थी आमच्यासाठी चहा सांगत होता. सहा चहा झाले. सातव्याला सुजाताने गाडी थांबवलीच नाही.

नेसरीत लोहारांची दोन घरं राहिली आहेत. पहिल्या घरी सगळे पुण्याला गेलेले, दाराला कुलूप. दुसऱ्या घरासमोर भाता बंद पडलेला होता, ऐरणीवर कोंबडी बसली होती आणि पायरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, मनगटं आजही जाड.

"अक्का, रामराम," सर म्हणाले. इकडे कानडी मुलूख जवळ, म्हणून थोरल्या बाईला अक्का. "आमी कोल्हापूरहून आलोय."

"मग हुबं का? बसा की." तिने सूप बाजूला केलं. "जेवल्याबिगर जायचं न्हाय."

तिचं नाव गंगाक्का. सरांनी हकीकत सांगितली. तिने ऐकली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आजेसासरे कोल्हापूरला संस्थान सरकारच्या कामाला जायचे, एवढं तिला ठाऊक होतं. बंदुकीचं कुणी तिला सांगितलं नव्हतं. कागद नव्हता, फोटो नव्हता. हत्यारं नवऱ्यामागे भंगारवाल्याने नेली.

"सगळी?" सुजाताने विचारलं.

"सगळीच. घण ऱ्हायला, ऐरण ऱ्हायली. जड म्हणून."

सर पायरीवर खाली बसले. मीही. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, की सर बरोबर ठरावेत. इतका वेळ मी पुस्तकाच्या बाजूने उभी होते. आता मी मिस्त्रीच्या बाजूला आले होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

गंगाक्काने आम्हाला आत बोलावलं. घनसाळ तांदळाचा भात, वासाने घर भरलेलं, त्यावर कुळथाची आमटी आणि आंब्याचं लोणचं. लोणचं वाढायला ती कोपऱ्यातल्या बरणीकडे गेली. बरणीच्या झाकणावर दडपण म्हणून काहीतरी काळं ठेवलेलं होतं. तिने ते उचलून जमिनीवर ठेवलं, टणकन आवाज झाला.

सुजाता पानावरून उठली. उष्टा हात तसाच. तिने ते उचललं नाही, फक्त वाकून पाहिलं.

"अक्का, ह्ये काय हो?"

"ते? पट्टी हाय गे. इंजनाचा बोल्ट मोडला की आमचं मालक ह्येच्यावर पाडायचं. भंगारवाला मागत हुता, पण लोणच्याला दडपण पायजे म्हणून मी दिली न्हाय."

वीतभर लांब, दोन बोटं रुंद, पोलादी, तेलकट, आणि तिच्यात एका ओळीत सहा भोकं. मोठ्यापासून लहानापर्यंत. आतल्या बाजूला आटे.

आम्ही जेवण पुरं केलं, कारण गंगाक्काने पुरं करायला लावलं. त्या भाताची चव मला आज काही केल्या आठवत नाही, ह्याचं फार वाईट वाटतं. मग हात धुऊन चौघे ओसरीवर उजेडात बसलो. मी पट्टी घासलेटने धुतली, काडीने भोकं साफ केली. डबीतून स्क्रू काढला आणि सरांपुढे धरला.

सरांनी मान हलवली. "माझा न्हाय त्यो. त्यांस्नी द्या."

मी स्क्रू गंगाक्काच्या हातात दिला. तिने भोकं पाहिली, पहिली तीन सोडून दिली, चौथ्याला स्क्रूचं टोक लावलं. मग थांबली, आत गेली, शेंगतेलाची वाटी घेऊन आली, बोटाने एक थेंब लावला. "कोरडं घालू नये," ती म्हणाली. तिला कुणी शिकवलं असेल?

चौथं भोक सैल पडलं, स्क्रू आत डुगडुगला. पाचव्याला लावलं. बोटांनी फिरवलं. स्क्रू अर्धा फेरा गेला. मग एक फेरा. कुठे न कुरकुरता, कुठे न डुगडुगता, तो त्या काळ्या पट्टीत उतरत गेला. त्याची मान येऊन टेकली. सुजाताने भिंग लावलं, उलट्या बाजूने पाहिलं, स्क्रू हलवून पाहिला. मग सहाव्या भोकात घालून पाहिला, तो आत शिरेनाच. पुन्हा पाचव्यात, पुन्हा सरळ आत.

"सर," ती म्हणाली. तिने पट्टी त्यांच्यापुढे धरली.

सरांचे डोळे भरले होते. पण कोल्हापूरचा माणूस, रडणंही मोठ्याने. "अगं, बोल की! आटा जुळला म्हणून बोल!"

"जुळला, सर. ह्याच पट्टीवर पडलाय."

मी वही उघडली. "अक्का," मी म्हणाले, "मिस्त्रींचं नाव काय? पूर्ण नाव. पुस्तकात छापायचंय."

गंगाक्काने पदर सारखा केला. "त्येंचं नाव मी कसं घ्यावं गे? आजेसासरं माझं. घरातल्या थोरल्यांचं नाव बायका घेत न्हाईत. मालकांचंबी मी कधी घेतलं न्हाय."

"दुसरं कुणी सांगेल का?"

"कोण ऱ्हायलंय?"

सुजाता म्हणाली, "अक्का, मी शेजारी विचारून येतो. न्हायतर ग्रामपंचायतीत कागद..."

"शनवारी पंचायत बंद," गंगाक्का म्हणाली. ती पट्टीकडे बघत होती, स्क्रू अजून पाचव्या भोकातच होता. मग मला विचारलं, "नाव घातलं न्हाय तर काय लिवणार?"

"आतापर्यंत लिहिलंय ते. कारागीर अज्ञात."

"म्हंजे?"

"म्हणजे कुणी केली ते ठाऊक नाही."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भिंतीवरच्या देवाच्या जुन्या तसबिरीकडे एकदा पाहिलं, हात जोडले, आणि मग वाक्य सुरू केल्यासारखं नव्हे, हाक मारल्यासारखं, ओसरीभर ऐकू जाईल असं म्हणाली:

"रामू सिद्धू लोहार. नेसरी."

मी लिहिलं. तिने मला वही तिच्याकडे फिरवायला लावली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सगळं आलं न्हवं? सिद्धूबी?"

"सिद्धूबी," मी म्हणाले.

कोल्हापूर, रविवार

पान मी सरांच्या जेवणाच्या टेबलावर नव्याने काढलं. रायफल समोर, शिसपेन्सिल, पट्टी, भिंग. सुई उजव्या अंगाला. ठोकळ्याच्या सपाटीचे सुजाताने मोजलेले आकडे कडेला. रायफलीतले बाकीचे स्क्रूही ह्या स्क्रूला टेकवून पाहिले, आटे तेच, म्हणजे हा एकटाच मागाहून बदललेला नव्हता. खाली पट्टीचंही चित्र, सहा भोकं, पाचव्यावर बाण. नोंदीत मी हेही लिहिलं, की आधीच्या ग्रंथांतला फोटो उलटा छापलेला आहे आणि माझ्या मासिकातल्या पानातही तीच चूक होती. हे लिहिताना जरा बोचलं. पण सरांनी वाचून, मास्तरच्या सवयीने, समासात लहानशी बरोबरची खूण केली.

स्कॅन करून पाठवलेलं पान मिळाल्याचा प्रकाशकांनी फोन केला. "अहो, तुम्ही स्वतःची चूकही छापताय?"

"छापते आहे. ठळक टाइपात नको, पण छापा."

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. तीन प्रती मी कोल्हापूरला पाठवल्या. सुजाताची तिच्या मोजमापाच्या खोलीत आहे, सरांची रायफलीखालच्या फळीवर. तिसरी प्रत घेऊन सर स्वतः नेसरीला गेले आणि तिथूनच त्यांनी मला फोन लावला. मागे पाच-सहाजण बोलत होते. कुणीतरी ते पान मोठ्याने वाचत होतं, नाव आलं की परत वाचायला लावत होतं. मग सरांनी फोन गंगाक्काच्या हातात दिला.

"गे बाई," ती ओरडून म्हणाली, फोनवर ओरडावंच लागतं अशा समजुतीने, "ह्ये पुस्तक कुठंकुठं जाणार?"

"जिथे जिथे जुन्या रायफली जमवणारे आहेत तिथे. मुंबई, पुणे, हैदराबाद. विलायतेलाही तीन प्रती गेल्यात, अक्का. ज्यांनी आधी चुकीचं लिहिलं त्यांनाच पाठवल्यात."

मग तिचा आवाज आला, आता ओरडण्यातला नव्हे.

"मग त्यास्नी सांग, पट्टी माझ्याकडं हाय. ज्याला बघायची त्यानं नेसरीला यावं. जेवूनच जावं म्हणावं."